नाताळची कुंडी

सण संपला की सणाच्या वस्तूंचे काय करायचे, हे आपल्या घरांतून फार पूर्वीच ठरून गेले आहे. गणपती पाण्यात जातो. गुढीचा तांब्या फडताळात परततो, काठी माळ्यावर चढते. दसऱ्याचे सोने दोन दिवस देव्हाऱ्यापुढे वाळते आणि मग निर्माल्यात पडते. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लोंबतो. काही घरांत त्याहूनही अधिक दिवस लोंबतो, पण ती कोणाची घरे हे इथे सांगण्याचे कारण नाही. यातल्या कशासाठीही कोणाला विचारावे लागत नाही.

पण सणाला भेट आलेल्या कुंडीचे काय करावे? कापलेल्या फुलांचा प्रश्न नसतो. ती बिचारी चार दिवसांत माना टाकतात आणि आपल्याला मोकळे करतात. कुंडीतले झाड मात्र सण संपल्यावरही खिडकीत उभे असते, पाणी मागत असते, आणि दिवसेंदिवस त्याची कळा उतरत जाते. त्याला फेकायचे म्हणजे जिवंत वस्तू फेकायची. अमेरिकेत दर नाताळात अशा कोट्यवधी कुंड्या विकल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत कचऱ्यात जातात म्हणे. आपल्याकडे एकट्या तुळशीलाच सणही आहे आणि कायमचे घरही. बाकीच्यांनी काय करावे, हे धर्मसिंधूत सापडायचे नाही.

आमच्याकडे अशी एक कुंडी २०२१ च्या नाताळात आली.

आम्ही राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीच्या एका गल्लीत. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. ही भिंत बांधणाऱ्याने बहुधा ताटांची देवाणघेवाण डोळ्यांसमोर ठेवूनच तिची उंची ठरवली असावी. पलीकडे बाई राहत. त्यांना आडनाव होते, पण सारी गल्ली त्यांना नुसते ‘बाई’ म्हणे. हायस्कुलात मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली एकही लग्नपत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे.

बाई ख्रिस्ती. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही गावात उभे आहे. म्हणजे इथल्या नाताळालाही पावणेदोनशे वर्षे होत आली. ‘नाताळ’ हा शब्द तर त्याहून जुना, पोर्तुगिजांकडून आपण घेतलेला. दिवाळीत आमचे ताट भिंतीवरून पलीकडे जाई आणि नाताळात बाईंचे अलीकडे येई. दोन्हींत करंज्या, चकल्या, शंकरपाळे तेच. बाईंच्या ताटात केकचा एक तुकडा अधिक, एवढाच काय तो धर्माचा फरक. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही घरांत सारख्याच कडकपणे पाळला जाई.

त्या वर्षी ताटाबरोबर कुंडीही आली. हिरव्या झुडपावर लालभडक पानांचे पसरलेले तबक, मध्ये चार पिवळे ठिपके. नर्सरीवाले तिला ‘लालपत्ती’ म्हणतात. पुस्तकी नाव पॉइन्सेटिया. बाई म्हणाल्या, “ही खिडकीत ठेवू नका. जमिनीत लावा. मी दर नाताळाला एक आणते आणि दर होळीला ती मरते. माझ्या अंगणात सगळी फरशी. तुमच्याकडे माती आहे.”

मग जरा थांबून म्हणाल्या, “जानेवारीत मी पुण्याला चालले. मुलाकडे. आता एकटीला ठेवायला तो तयार नाही.”

एकतीस वर्षांच्या शेजारानंतर हे वाक्य त्यांनी कुंडीच्या पाठोपाठ, जणू पाणी किती घालायचे ते सांगावे तसे सांगितले. आमची ही भिंतीशी कुंडी हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली.

घरात मात्र कुंडीचे स्वागत एकमताने झाले नाही. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची. पान खुडताच त्यातून पांढरा चीक आला तो तिने पाहिला आणि म्हणाली, “चिकाचं झाड दारात नको.” तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हे झाड आपल्या शेराचे आणि निवडुंगाचे सख्खे भावंड. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, डोळ्यांत गेला तर डोळे चुरचुरतात. ते भयंकर विषारी आहे, असेही पुष्कळ लोक समजतात. पण ती बदनामी आहे, त्याने माणूस मरत नाही. हा सारा शास्त्रार्थ मी आईला ऐकवला. तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. शेवटी बाईच भिंतीवरून म्हणाल्या, “अक्का, तुळस तुमची दारात राहू दे. ही भिंतीशी राहील. आल्यागेल्याला नाही दिसली तरी चालेल.” आई हसली, आणि ठराव मंजूर झाला.

या झाडाची कुळकथा मोठी गमतीची आहे. ज्याला आपण फूल म्हणतो ते फूल नव्हेच. ती लाल पाने. खरी फुले म्हणजे मधले पिवळे ठिपके. बोगनवेलही आपल्याला असेच फसवते. याचे माहेर मेक्सिको. तिथे हे रानात दहा-बारा फूट वाढणारे झुडूप आहे. अॅझ्टेक लोक त्याच्यापासून लाल रंग काढीत आणि चीक तापावर देत. पुढे स्पॅनिश पाद्री आले आणि ऐन डिसेंबरात लाल होणाऱ्या या झाडाला त्यांनी नाताळच्या कामाला लावले. देवाला वाहायला काही नाही म्हणून एका गरीब मुलीने रस्त्याकडेचा पाला नेला आणि वेदीपुढे तो लाल झाला, अशी तिकडची दंतकथा आहे. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही. सुदाम्याचे पोहे आपण खाल्लेले आहेत. जोएल पॉइन्सेट हे अमेरिकेचे वकील म्हणून १८२५ साली मेक्सिकोत गेले. त्यांनी १८२८ च्या सुमारास ही रोपे दक्षिण कॅरोलायनातल्या आपल्या घरी धाडली आणि झाडाला त्यांचे नाव कायमचे चिकटले. वकिलातीतल्या त्यांच्या कर्तबगारीची आज कोणाला आठवण नाही.

पण दहा-बारा फुटांचे रानझुडूप वीतभर कुंडीत गोलमटोल होऊन कसे बसते? याचे उत्तर कळल्यापासून मी त्या कुंडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कॅलिफोर्नियातल्या एकी आडनावाच्या घराण्याने उंच सरळसोट जातीवर दाट फुटणाऱ्या जातीचे कलम करण्याची युक्ती काढली आणि कित्येक वर्षे ती गुपित ठेवली. कलमातून एका झाडातले दुसऱ्यात काय जाते, हे १९९७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जाते ते एक रोगजंतू! अगदी सूक्ष्म, झाडाला न मारणारा, पण त्याला चारी बाजूंनी फुटायला लावणारा. म्हणजे आपण दिवाणखान्यात ज्याचे कौतुक करतो ते गोंडस रूप हे एक दुखणे आहे. शिवाय उंची वाढू नये म्हणून नर्सरीत वाढ रोखणारे औषधही देतात. त्याचा अंमल संपला आणि पायाखाली जमीन मिळाली की झाड आपल्या मूळ स्वभावावर जाते.

आमच्या कुंडीने फेब्रुवारीत रंग टाकला. होळीच्या सुमारास हिने हातात रबरी मोजे घालून फांद्या वीतभर ठेवून छाटल्या आणि कुंडी पेरूच्या सावलीत नेली. घरातून एकदम उन्हात आणलेले झाड भाजते; त्याला आधी सावली, मग सकाळचे ऊन, मग पुरते ऊन, अशा पायऱ्या चढवाव्या लागतात. गुढीपाडव्याला फूट आली. जमिनीत लावायचा मुहूर्त मृगाचा ठरला.

महिन्यातून दोनदा येणारा माळी कुंडीकडे बघून म्हणाला, “ह्ये चिकाचं झाड हाय न्हवं? पान्यात हुबं ऱ्हायचं न्हाई ह्ये. मुळी कुजत्यात. उच्चावर लावा.” २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला पाणी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीला पूर लागत नाही; पण काळ्या चिकट मातीत खड्डा खणला की पावसाळ्यात त्याची विहीर होते. म्हणून दीड फूट खड्डा, तळाशी विटांचे तुकडे, वर जुने शेणखत, वाळू आणि लाल माती, आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा, असा सारा थाट झाला.

कुंडी उलटी करून झाड काढले तेव्हा दिसले की मुळांनी कुंडीच्या कडेकडेने वेढे घेत घेत अगदी चकली पाडली आहे. तसेच लावले तर मुळे जमिनीतही तेवढ्याच घेरात फिरत राहतात. शेजारी एकरभर माती पडली तरी त्यांना पत्ता लागत नाही. हिने ती बोटांनी एकेक सोडवली. नर्सरीतला नारळाचा भुसा झटकला. तो राहिला असता तर हलका भुसा आत आणि जड माती बाहेर, दोघांचे पाणी वेगवेगळे झाले असते. वर पाचट पसरले. उसाच्या मुलखात राहण्याचे एवढे सुख आहे, पाचटाला तोटा नाही.

जागा हिनेच निवडली. अगदी भिंतीला लागून. मी विचारले, “इतक्या कडेला का?” तर म्हणाली, “निम्मं झाड बाईंच्या अंगणात दिसलं पाहिजे.” पलीकडे तेव्हा कुलूप होते. ते मी बोललो नाही.

त्या साली मृग कोरडाच गेला आणि जुलैने सारी कसर भरून काढली. वरंब्यावरचे झाड टिकले. गौरी-गणपतीपर्यंत ही शेंडे खुडत राहिली. त्यानंतर खुडायचे नसतात, कारण रंग शेंड्यांनाच यायचा असतो. दसऱ्याला झाड छातीएवढे झाले आणि त्याच्या तीन-चार फांद्या भिंतीवरून पलीकडे उतरल्या. कुंडीतल्या गोलमटोल रूपाची ओळखही उरली नव्हती. दर रविवारी पुण्याहून फोन येई. प्रकृती, हवापाणी, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका, आणि शेवटी, “रंगली का?”

आता इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. झाडे दिवसाची लांबी मोजतात, हे गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केले. पुढे १९३८ मध्ये, कपड्यांना चिकटणारी काटेरी फळे येणाऱ्या एका तणावर प्रयोग झाले आणि कळले की अशी झाडे मोजतात ती खरे तर रात्र. सलग, अखंड काळोख. मध्यरात्री क्षणभर दिवा लावला तरी हिशोब मोडतो आणि झाडाला वाटते रात्र झालीच नाही. आपली शेवंती याच पंथातली; म्हणून तर फुलवाले शेतकरी दिवे लावून तिला थोपवून धरतात आणि काळे कापड पांघरून लवकर फुलवतात. लालपत्तीही तशीच. सप्टेंबर अखेरीस रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागली की ती मोजायला बसते. डिसेंबरात कोल्हापूरची रात्र जवळजवळ तेरा तासांची होते. आठ-दहा आठवडे अशा मोठ्या, अखंड रात्री मिळाल्या की पाने लाल होतात.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि जानेवारीच्या ३१ व फेब्रुवारीच्या १, २ तारखांना मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा त्या जागी येतो आणि परतताना पुन्हा. आमचे झाडही साधारण पहिल्या किरणोत्सवाच्या आगेमागे रंगू लागते आणि दुसऱ्याच्या सुमारास रंग टाकू लागते. किरणांच्या वाटेत उंच इमारती आणि फलक आले की किरण देवीपर्यंत पोचत नाहीत, अशी गावात दरवर्षी चर्चा होते. तिथे वाटेत सावली येते. आमच्याकडे उजेड आला.

झाले असे की श्रावणात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचा जुना पिवळा दिवा जाऊन तिथे नवा पांढरा लागला. साऱ्या गल्लीने आनंद मानला, आणि तो रास्तच होता. रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना आता खड्डे आणि माणसे दोन्ही नीट दिसतात. पण तो दिवा रात्रभर आमच्या अंगणात पडू लागला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला. आमच्या बाजूचे झाड हिरवेगार. नाताळच्या चार दिवस आधी आई भिंतीशी काठी टेकत गेली, पलीकडे डोकावली आणि ओरडली, “अगं, इकडं ये!”

पलीकडे उतरलेल्या फांद्या लालभडक झाल्या होत्या. भिंतीने दिव्याचा उजेड अडवला होता, आणि पलीकडचे घर तर पुरतेच अंधारात. बाई होत्या तेव्हा त्यांच्या पडवीतला दिवा रात्रभर जळत असे.

त्या रविवारी फोनवर ही म्हणाली, “बाई, तुमच्या बाजूची रंगली. आमच्या बाजूची नाही.” आणि कारण सांगावेच लागले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग बाई हसल्या. “म्हणजे माझं घर बंद राहिल्याचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.”

हिने फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मला पुण्याच्या थंडीविषयी बोलावे लागले.

२०२३ लाही तसेच झाले. २०२४ च्या मेमध्ये शेजारच्या घराचे कुलूप निघाले. एक तरुण जोडपे भाड्याने राहायला आले, बरोबर सहा महिन्यांचे मूल. नवरा कारखान्यात रात्रपाळीला. पडवीतला दिवा पुन्हा रात्रभर जळू लागला. ऑक्टोबरात मी हिला म्हटले, “त्यांना एकदा सांगून बघू का? दोन महिन्यांचाच प्रश्न आहे.” ही माझ्याकडे बघतच राहिली. “रात्री एकटी पोर तान्ह्या मुलाला घेऊन असते. तिला म्हणायचं, आमच्या झाडासाठी अंधारात बैस?” विषय संपला. त्या नाताळात भिंतीच्या अगदी बुडाशी, दोन्ही दिवे चुकवून वाढलेली एकच फांदी लाल झाली. ही ती कापून, टोक मेणबत्तीवर धरून चीक बंद करून, तांब्यात घालून त्या मुलीला देऊन आली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आमचा तांब्या परत आला. त्यात लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी होत्या. नियम तिला कोणी सांगितला होता कोण जाणे.

यंदा होळीला छाटणी झाली तेव्हा हिने चांगल्या जून फांद्यांचे वीतभर तुकडे केले, चीक धुऊन काढला आणि वाळूमिश्रित मातीत सावलीला लावले. सहांपैकी चार जगले. जूनमध्ये आम्ही पुण्याला गेलो तेव्हा त्यांतले एक मांडीवर घेऊन ही कोल्हापूर ते पुणे बसली. कऱ्हाडला चहालासुद्धा उतरली नाही.

बाई सातव्या मजल्यावर राहतात. आता त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. खिडकीतून खाली साऱ्या शहराचे दिवे दिसतात. रात्र म्हणून काही होतच नाही. त्यांना सारे समजावून सांगितले. त्यांनी ते वर्गात उत्तर ऐकावे तसे ऐकून घेतले. आणि घटस्थापनेपासून त्या रोज संध्याकाळी सहा वाजता कुंडी कपड्यांच्या कपाटात ठेवतात, दार लावतात, आणि सकाळी आठला बाहेर काढून गॅलरीत ऊन देतात. एक दिवस खाडा नाही. सुनेच्या दोन साड्यांना माती लागली; तिने त्या साड्या दुसरीकडे हलवल्या, कुंडी नाही. तेव्हापासून त्या सुनेविषयी आमचे मत फार चांगले झाले आहे.

परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा मी चौकशी केली. रंग अजून नाही. पण बाईंच्या डोक्यात पुढचे चालू झाले आहे. सण झाल्यावर कुंडी खाली सोसायटीच्या बागेत, जमिनीत लावायची. त्यासाठी कमिटीकडे अर्ज करावा लागतो, तो त्यांनी दिला आहे. जागाही पाहून ठेवली आहे. पाण्याच्या टाकीमागे, जिथे दिवा पोचत नाही.

“मग काय म्हणाली कमिटी?” मी विचारले.

“बैठक व्हायची आहे,” बाई म्हणाल्या. “तोवर त्यांच्या नोटीस बोर्डावर अकरा चुका सापडल्या, त्याही अर्जाला जोडून दिल्यात.”